शेडवर नेट नाही, तरी चाललं पाहिजे: कॅमलचं ॲप एकाच पेटीत बांधण्याची रीत

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदाराच्या पॅकिंग शेडवर मी पहिल्यांदा जावा ॲप बसवायला गेलो, तेव्हा सोबत लॅपटॉप, मूळ कोड आणि भलताच आत्मविश्वास होता. शेडवरच्या मशीनवर मेव्हन (कोडपासून ॲप बांधणारं आणि लागणाऱ्या लायब्ररी नेटवरून उतरवणारं साधन) टाकायचं, एक आज्ञा द्यायची आणि घरी जेवायला जायचं, असा बेत. मेव्हन लायब्ररी उतरवायला लागलं आणि मोबाइलचं नेटवर्क गेलं. फोन खिडकीच्या गजाला बांधून पाहिला, मग माडाच्या बुंध्यापाशी नेऊन ठेवला. बाहेर पेट्या ट्रकमध्ये चढत होत्या, हुंडेकरी घाई करत होता आणि बागायतदार अण्णा दर दहा मिनिटांनी येऊन विचारत होते, "काय रे, झाला काय?"

त्या रात्री झालं नाही. परतताना ट्रककडे बघून मला माझी चूक कळली. पेटीतला पेंढा वाशीच्या बाजारात जाऊन कोणी शोधत नाही. फळ, पेंढा, खिळे, मार्का, सगळं इथेच बांधून पेटी निघते. तिकडे ती फक्त उघडतात. ॲपचंही तसंच हवं होतं.

हा लेख त्या बांधणीबद्दल आहे. ॲप अपाची कॅमलवर आहे, म्हणजे एका ठिकाणचा डेटा उचलून, बदलून दुसरीकडे देणाऱ्या जावा लायब्ररीवर. बांधणी मेव्हन आणि स्प्रिंग बूट या जावा ॲप उभं करणाऱ्या सांगाड्याची. कॅमल ४ ला किमान जावा १७ लागतं, तेच इथे धरलं आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो. टाइप करताना ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाकायची.

ॲप करतं काय

बाजारातला अडत्या माल विकला गेला की बागायतदाराला पट्टी पाठवतो: किती पेट्या, कोणत्या भावाने, त्यातून भाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात किती. पूर्वी कागद यायचा. आता काही अडते सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) एसएफटीपी सर्व्हरवर, म्हणजे सुरक्षितपणे फाइली देण्याघेण्याच्या सर्व्हरवर, ठेवतात. आमचं ॲप ती फाइल ओढतं, ओळी वाचतं, त्यांचं जेसन (सॉफ्टवेअरांनी एकमेकांना डेटा द्यायची मांडणी) करतं आणि शेडवरच्याच हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एचटीटीपीने देतं. रूट, म्हणजे कॅमलमध्ये लिहिलेले डेटाचे मार्ग, फक्त तीन. पण या तीन रूटसाठी लागणाऱ्या लायब्ररी मोजायला बसलात तर यादी पडद्याबाहेर जाते, आणि त्यातली एक राहिली तरी गाडी अडते.

आधी पॉम फाइल नीट करा

पेटी बांधण्याआधी फळं निवडावी लागतात. पॉममध्ये, म्हणजे कोणत्या लायब्ररी हव्यात हे मेव्हनला सांगणाऱ्या फाइलीत, प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती हाताने लिहू नका. स्प्रिंग बूटचा स्टार्टर पॅरेंट घ्या आणि डिपेन्डन्सी मॅनेजमेंटमध्ये कॅमल-स्प्रिंग-बूट-बॉम ही एकमेकींशी जुळणाऱ्या आवृत्त्यांची यादी आयात करा. मग खाली फक्त स्टार्टरांची (एका कामाला लागणाऱ्या लायब्ररींच्या गठ्ठ्यांची) नावं लिहायची: कॅमल-स्प्रिंग-बूट-स्टार्टर, कॅमल-एफटीपी-स्टार्टर, कॅमल-बिंडी-स्टार्टर, कॅमल-जॅक्सन-स्टार्टर, कॅमल-एचटीटीपी-स्टार्टर. एसएफटीपी हा घटक एफटीपीच्याच स्टार्टरमध्ये असतो. त्याचा वेगळा स्टार्टर शोधत बसू नका.

इथे कॅमलचा एक स्वभाव लक्षात ठेवायला हवा. रूटमध्ये एंडपॉइंट (डेटा जिथून येतो किंवा जिथे जातो तो पत्ता) आपण साध्या अक्षरमालेत लिहितो. कंपायलरला ती अक्षरमाला म्हणजे नुसती अक्षरं. त्यामुळे एफटीपीचा स्टार्टर विसरलात तरी कंपाइल व्यवस्थित होतं, बांधणी हिरवी दिसते, आणि 'त्या स्कीमचा घटक सापडला नाही' ही तक्रार ॲप सुरू करताना येते. म्हणजे शेडवर. म्हणून बांधणीतच संपूर्ण कॅमल कॉन्टेक्स्ट (सगळे रूट चालवणारा गाभा) उभा करणारी किमान एक चाचणी ठेवा. ती काही तपासत नसली तरी चालेल. कॉन्टेक्स्ट उभा राहिला एवढंच पुरे. एंडपॉइंटच्या पर्यायांची स्पेलिंग तपासायला कॅमल-रिपोर्ट प्लगइनचं व्हॅलिडेट हे गोलही (मेव्हनच्या भाषेत एक ठरलेलं काम) चालवून ठेवतो. मीही पूर्वी टाळायचो, आता टाळत नाही.

नंतर 'एमव्हीएन डिपेन्डन्सी:ट्री' चालवून झाड डोळ्यांखालून घाला. स्नॅपशॉट, म्हणजे अजून बदलत असलेली आवृत्ती दिसली तर ती काढा, कारण आज बांधलेली फाइल आणि आठवड्याने बांधलेली फाइल वेगळी निघेल आणि फरक सांगता येणार नाही.

जार म्हणजे झिपच, पण एक खोच आहे

जार फाइल म्हणजे झिप. आत क्लास फाइली आणि मेटा-इन्फ फोल्डरात मॅनिफेस्ट.एमएफ. मॅनिफेस्टमधली मेन-क्लास ही ओळ पाहून 'जावा -जार' ॲप सुरू करतं. इथवर सोपं. खोच अशी की जावाचा नेहमीचा क्लासलोडर (क्लास शोधून आणणारा भाग) जारच्या आत ठेवलेली दुसरी जार वाचत नाही. पेटीत पेटी ठेवली तर आतली त्याला दिसतच नाही. आणखी एक: 'जावा -जार' वापरलं की आज्ञेत दिलेला क्लासपाथ (क्लास कुठे शोधायचे त्याची यादी) दुर्लक्षिला जातो. त्यामुळे 'राहिलेली जार बाजूला ठेवून क्लासपाथला जोडतो' हा जुगाड तिथे चालत नाही.

यावर दोन प्रचलित वाटा आहेत.

पहिली वाट मेव्हन शेड प्लगइनची. (हे प्लगइनचं नाव, आपल्या पॅकिंग शेडशी संबंध नाही.) हे प्लगइन सगळ्या जार सोडवून क्लास एकाच ढिगात ओततं. निघणारी फाइल अगदी साधी जार असते, कुठेही चालते. पण ओतताना एकाच नावाच्या फाइली एकमेकींवर पडतात. कॅमलला हे फार जाचतं. कॅमलचे टाइप कन्व्हर्टर (एका प्रकारचा डेटा दुसऱ्या प्रकारात बदलणारे क्लास) कुठे आहेत हे सांगणारी टाइपकन्व्हर्टरलोडर नावाची छोटी फाइल बऱ्याच कॅमल जारमध्ये, मेटा-इन्फच्या सर्व्हिसेस फोल्डरखाली, त्याच मार्गावर आणि त्याच नावाने असते. नुसतं ओतलंत तर त्यांतली एकच उरते. ॲप सुरू होतं, फाइल उचलतं आणि मग म्हणतं की या प्रकारातून त्या प्रकारात बदलणारा कन्व्हर्टर उपलब्ध नाही. तुम्ही तासभर रूट तपासत बसता आणि रूटमध्ये काहीच चूक नसते. उपाय म्हणजे शेड प्लगइनला सर्व्हिसेस-रिसोर्स-ट्रान्सफॉर्मर द्यायचा. तो या फाइली टाकून न देता एकाखाली एक जोडतो. स्प्रिंग एक्सएमएल वापरत असाल तर स्प्रिंग.हँडलर्स आणि स्प्रिंग.स्कीमाज या फाइलींसाठी अपेंडिंग ट्रान्सफॉर्मरही लागतो.

दुसरा काटा सह्यांचा. बाउन्सीकॅसल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीसारख्या काही जार डिजिटल सही करून येतात. त्या सोडवून आपल्या जारमध्ये मिसळल्या की सही जुन्या पेटीची आणि माल नव्या पेटीतला, असा प्रकार होतो आणि जावा सुरुवातीलाच सिक्युरिटी एक्सेप्शन देऊन थांबतं. म्हणून मेटा-इन्फमधल्या एसएफ, डीएसए आणि आरएसए या शेपटाच्या फाइली वगळायच्या.

दुसरी वाट स्प्रिंग बूटची, आणि मी तीच धरतो. तिथे जार सोडवतच नाहीत. तुमचे क्लास बूट-इन्फ/क्लासेसमध्ये, लायब्ररींच्या जार जशाच्या तशा बूट-इन्फ/लिबमध्ये, आणि सगळ्यात बाहेर स्प्रिंगचा छोटा लाँचर. मॅनिफेस्टमधली मेन-क्लास ही ओळ त्या लाँचरकडे बोट दाखवते, तुमचा खरा वर्ग स्टार्ट-क्लास या ओळीत असतो. आतल्या जार वाचायचं काम लाँचर स्वतःच्या क्लासलोडरने करतो. फाइलींची आपटाआपटी नाही, सह्या शाबूत.

मला ही वाट आवडण्याचं आणखी एक कारण डिसेंबर २०२१ चं आहे. लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीमधली लॉगफोरशेल ही सुरक्षेतली भेग उघड झाली आणि जो तो 'आपल्याकडे ती लायब्ररी आहे का' हे शोधत सुटला. आत जार अख्खी असेल तर नाव आणि आवृत्ती यादीतच दिसते. सगळं ओतून एक केलेल्या ढिगात हे शोधणं म्हणजे आमरसात पायरी किती आणि हापूस किती हे विचारण्यासारखं.

स्प्रिंग बूटऐवजी क्वार्कस हा सांगाडा वापरणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे मूळ बांधणी एक फाइल देत नाही, क्वार्कस-ॲप नावाचा अख्खा फोल्डर देते, एकच फाइल हवी असेल तर उबर-जार हा प्रकार मागावा लागतो. कॅराफ या जावा कंटेनरवाल्यांची कार नावाची आर्काइव्ह हा वेगळा संसार आहे. तिथे कंटेनर आधीपासून उभा असतो, त्यामुळे आपल्या शेडला त्याचा उपयोग नाही.

बांधा आणि लगेच उघडून पाहा

स्टार्टर पॅरेंट घेतला असेल तर पॉममध्ये स्प्रिंग-बूट-मेव्हन-प्लगइन लिहिणं पुरतं. रीपॅकेज हे गोल त्याला आधीच जोडलेलं असतं. पॅरेंट दुसरा असेल आणि तुम्ही फक्त बॉम घेतला असेल तर रीपॅकेजची एक्झिक्युशन स्वतः लिहावी लागते. ती लिहायची राहिली तर बांधणी तक्रार करत नाही, फक्त एक किरकोळ आकाराची जार हातात येते.

'एमव्हीएन क्लीन व्हेरिफाय' चालवा. टार्गेट फोल्डरात दोन फाइली दिसतील: पट्टी-१.४.०.जार आणि त्याच नावाची, शेवटी .ओरिजिनल लावलेली. मोठी ती आपली. .ओरिजिनलमध्ये फक्त तुमचे क्लास आहेत. तीच नाव बदलून पेनड्राइव्हवर घातलीत तर शेडवर 'नो मेन मॅनिफेस्ट ॲट्रिब्यूट' असा शेरा मिळेल. हा शेरा मी एकदा मिळवला आहे.

मग 'जार टीएफ पट्टी-१.४.०.जार' ही आज्ञा देऊन आतली यादी वाचा. बूट-इन्फ/लिबमध्ये कॅमल-एफटीपी आहे ना, एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शिरल्या नाहीत ना, आणि सगळ्यात महत्त्वाचं, चाचणीसाठी वापरलेली खरी पट्टी किंवा खासगी किल्ली रिसोर्सेस फोल्डरातून आत गेली नाही ना. शेवटचं विनोद म्हणून लिहिलेलं नाही. जार झिप आहे. कोणीही उघडू शकतं.

वेब सर्व्हर नसलेल्या ॲपचा एक बारकावा. आपल्या ॲपला बाहेरून कोणी हाक मारत नाही, म्हणून वेब स्टार्टर घेतलेला नाही. अशा वेळी स्प्रिंग बूट उभं राहतं, काम झालं असं समजतं आणि बाहेर पडू शकतं. रन-कंट्रोलर हा गुणधर्म ट्रू करा म्हणजे कॅमल प्रक्रिया धरून ठेवतं. नव्या आवृत्त्यांत तो कॅमल.मेन या उपसर्गाखाली आहे, जुन्यांत कॅमल.स्प्रिंगबूटखाली मेन-रन-कंट्रोलर या नावाने.

पेटीत काय घालायचं नाही

आर्काइव्ह स्वयंपूर्ण हवं याचा अर्थ सगळंच आत कोंबायचं असा नाही. कोड आणि लायब्ररी आत. अडत्याचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड, किल्ली, फोल्डरांचे मार्ग बाहेर. अडत्या बदलला म्हणून नवी जार बांधावी लागत असेल तर बांधणी चुकली.

स्प्रिंग बूट आतल्या ॲप्लिकेशन.प्रॉपर्टीजच्या वर बाहेरच्या फाइलीला मान देतं, त्याहून वर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलना आणि त्याहून वर आज्ञेतल्या पर्यायांना. बाहेरची फाइल चालू फोल्डरात किंवा त्यातल्या कॉन्फिग उपफोल्डरात शोधली जाते. चालू फोल्डर म्हणजे जार ठेवलेला फोल्डर नव्हे, हे पुन्हा वाचा. विंडोजमध्ये टास्क शेड्युलरने किंवा सर्व्हिसने ॲप उठवलं की चालू फोल्डर बहुधा सिस्टिम३२ असतो. तिथे तुमची कॉन्फिग नाही, मग ॲप आतल्या नमुना किमती (सेटिंगची मूल्यं) घेऊन खुशाल सुरू होतं आणि भलत्याच सर्व्हरची दारं ठोठावतं. यावर दोन कुलपं लावा. सुरुवातीच्या आज्ञेत 'स्प्रिंग.कॉन्फिग.ॲडिशनल-लोकेशन' देऊन पूर्ण मार्ग सांगा, फोल्डर देत असाल तर शेवटी तिरकी रेघ हवीच. आणि आतल्या फाइलीत सर्व्हरच्या पत्त्याची नमुना किंमत ठेवूच नका. किंमत मिळाली नाही की ॲप सुरूच होऊ नये. चुकीचं चालण्यापेक्षा न चाललेलं परवडतं.

विंडोजवरच्या आणखी तीन खोड्या, सगळ्या अनुभवलेल्या. प्रॉपर्टीज फाइलीत उलटी तिरकी रेघ हे खास चिन्ह आहे, म्हणून मार्ग सरळ तिरक्या रेघेने लिहा. जावाला विंडोजवरही तो चालतो. दुसरी, एसएफटीपीचं ज्ञात होस्टांचं खातं घरच्या फोल्डरात असतं आणि सर्व्हिसचा वापरकर्ता वेगळा असला की घरही वेगळं. माझ्या लॉगिनने चालणारं ॲप सर्व्हिस म्हणून चालेना, त्याचं मूळ हेच. नोनहोस्ट्सफाइल हा पर्याय देऊन कॉन्फिग फोल्डरातल्या फाइलीकडे बोट दाखवा. होस्टची ओळख तपासणंच बंद करायचा मोह होतो. करू नका, त्या फाइलींवर लोकांचे पैसे ठरतात.

तिसरी खोडी मराठीची. बागायतदारांची नावं आणि मार्के फाइलीत देवनागरीत येतात. जावा १७ विंडोजवर फाइल वाचताना मशीनच्या प्रादेशिक सेटिंगचं एन्कोडिंग धरतं. यूटीएफ-८ हे सगळीकडे मूळ एन्कोडिंग झालं जावा १८ पासून. म्हणून १७ वर असाल तर सुरुवातीच्या आज्ञेत फाइल.एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या आणि कॅमलच्या फाइल एंडपॉइंटवर चारसेट हा पर्यायही लिहा. स्प्रिंग बूट ३ प्रॉपर्टीज फाइल यूटीएफ-८ धरून वाचत नाही, त्यामुळे कॉन्फिगमध्ये मराठी मजकूर असेल तर ती यामल या दुसऱ्या मांडणीत करा. एक्सेलने यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून जतन केलेल्या फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट असतात. मथळ्याच्या नावावरून रकाने ओळखत असाल तर पहिला रकाना 'सापडत नाही', आणि डोळ्यांना तर तो समोर दिसत असतो.

जावाही सोबत न्या

शेडवरच्या मशीनवर जावा असेल की नसेल, असलं तर कोणतं, हे नशिबावर सोडू नका. हिशेबाच्या सॉफ्टवेअरने स्वतःचं जुनं जावा ८ टाकलेलं असतं आणि पाथमध्ये तेच पुढे उभं असतं. मग तुमचे १७ साठी बांधलेले क्लास त्याला वाचता येत नाहीत.

माझं मत सरळ आहे: पहिल्या खेपेला टेमुरिन या मुक्त जावाचं अख्खं जेआरई (जावा ॲप चालवायला लागणारा भाग) झिप सोडवून ॲपशेजारी ठेवा. जागा थोडी जास्त जाते, पेनड्राइव्हला त्याचं काही वाटत नाही. जेलिंक वापरून जावाचे हवे तेवढेच मॉड्यूल असलेलं छोटं रनटाइम करता येतं, पण त्यात पाय घसरतो. कोणते मॉड्यूल लागतील हे जेडेप्स सांगतं, पण ते क्लासमधले थेट उल्लेख पाहतं. नावावरून चालताना शोधलेले क्लास त्याला दिसत नाहीत, आणि बूट-इन्फमधल्या जारमध्येही ते आपणहून डोकावत नाही. आधी त्या बाहेर काढाव्या लागतात. करायचंच असेल तर जावा.एसई, जेडीके.अनसपोर्टेड, जेडीके.क्रिप्टो.ईसी आणि जेडीके.लोकेलडेटा एवढ्यांपासून सुरुवात करा. क्रिप्टो.ईसी विसरलं तर जावा १७ वर काही सर्व्हरांशी सुरक्षित जोडणी जुळत नाही. लोकेलडेटा विसरलं तर मराठी महिन्यांची नावं गायब होतात.

जेपॅकेज हे जावा १६ पासून अधिकृत झालेलं साधन इन्स्टॉलर बनवतं. चांगलं आहे, पण विंडोजसाठीचा इन्स्टॉलर विंडोजवरच बनतो. लिनक्स लॅपटॉपवरून जमत नाही. मला झिप पुरतं.

अंतिम झिपची मांडणी

मेव्हन असेम्ब्ली प्लगइनने हा झिप बनवा. पॉममध्ये स्प्रिंग बूटचं प्लगइन वर आणि असेम्ब्लीचं खाली लिहा. एकाच टप्प्यातली कामं पॉममधल्या क्रमाने चालतात, आणि क्रम उलटा झाला तर झिपमध्ये न बांधलेली छोटी जार जाते. वरच्या फोल्डराच्या नावात आवृत्ती ठेवा, पट्टी-१.४.०. त्याच्या आत:

- लिब: बांधलेली जार
- जेआरई: सोबत नेलेलं जावा
- कॉन्फिग-नमुना: भरायच्या जागा मोकळ्या ठेवलेली यामल
- चालू.बॅट आणि सर्व्हिसची मांडणी
- वाचा.टेक्स्ट: फोनवर वाचून दाखवता येईल इतकं लहान

खरी कॉन्फिग, लॉग आणि डेटा या फोल्डरात ठेवू नका. त्यांना शेजारी, आवृत्ती नसलेल्या फोल्डरात घर द्या. मग नवी आवृत्ती म्हणजे फक्त शेजारी आणखी एक फोल्डर, आणि मागे फिरायचं झालं तर सर्व्हिसमधला मार्ग बदलला की झालं. सीझनच्या मध्यात, एप्रिलच्या शेवटी, रोज माल निघत असताना हे मागे फिरणं दोन मिनिटांचं असावं लागतं.

चालू.बॅटमध्ये बॅच फाइल स्वतः ज्या फोल्डरात आहे तो आधी पकडा आणि तिथून जेआरईचा मार्ग लावा. नुसतं 'जावा' लिहू नका. मार्गांभोवती अवतरणचिन्हं घाला, कारण कोणीतरी फोल्डरचं नाव 'आंबा हिशेब नवीन' असं मध्ये जागा सोडून ठेवणारच. विंडोज सर्व्हिस करायला विनएसडब्ल्यू हे छोटं मुक्त साधन मी वापरतो. लिनक्स मशीन असेल तर सिस्टिमडी या सर्व्हिस सांभाळणाऱ्या यंत्रणेसाठी युनिट फाइल लिहा आणि बाहेर पडतानाचा १४३ हा कोड यशस्वी धरायला सांगा. टर्म सिग्नलने (थांबण्याच्या सूचनेने) थांबलेलं जावा तोच कोड देतं आणि सिस्टिमडी उगाच लाल होतं.

थांबवताना घाई नको. कॅमल हातातली फाइल पुरी करायला मूळ मांडणीत ४५ सेकंद थांबतं. सर्व्हिसची मुदत त्याहून जास्त ठेवा, नाहीतर बाहेरून मान मुरगळली जाते आणि अर्धी पट्टी नोंदलेली राहते.

वीज घालवून पाहा

कोकणात वादळी पाऊस आला की वीज जाते, यात बातमी नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा तर वीज आणि फोन दोन्ही गेले होते. त्यामुळे चाचणी ही अशी करतो. जावा नसलेलं एक साफ मशीन किंवा व्हर्च्युअल मशीन घ्यायचं, नेट बंद करायचं, झिप दुसऱ्याच ड्राइव्हवर, जागा असलेल्या नावाच्या फोल्डरात सोडवायचं आणि सुरू करायचं. एसएफटीपी सर्व्हर सापडत नाही अशी तक्रार लॉगमध्ये यावी आणि ॲप जिवंत राहावं. बाकी कशाचीही तक्रार येता कामा नये. मग मोबाइलचं हॉटस्पॉट चालू करायचं. आता फाइल आपोआप ओढली गेली पाहिजे.

शेवटी, फाइल अर्धी झालेली असताना प्लग ओढायचा. इथे माझी पहिली आवृत्ती नापास झाली होती. कॅमलला आयडेम्पोटंट सांगितलं की आधी घेतलेली फाइल ते पुन्हा घेत नाही, पण ही आठवण मूळ मांडणीत मेमरीत असते आणि हजार नोंदींपुरतीच. वीज गेली की आठवण गेली. सकाळी कालच्या पट्ट्या दुसऱ्यांदा नोंदल्या गेल्या आणि अण्णांच्या खात्यात दुप्पट पैसे दिसले. अण्णा खूश, मी घामाघूम. आठवण डिस्कवरच्या फाइल रिपॉझिटरीत ठेवा आणि ती फाइल डेटा फोल्डरात असू द्या.

ओळखीची किल्ली नुसतं फाइलचं नाव ठेवू नका. अडत्या दुरुस्त पट्टी त्याच नावाने पुन्हा टाकतो. मग खरी पट्टी 'आधीच घेतली' म्हणून सोडली जाते. नाव आणि आकार मिळून किल्ली करा, आणि त्यावरही न थांबता हिशेबाच्या बाजूला पट्टी क्रमांकावर तपासणी लावा. फाइलची ओळख कॅमलची, व्यवहाराची ओळख हिशेबाची.

नेणं आणि बसवणं

झिपचा शा-२५६ हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारा ठसा) काढून स्वतःला मेसेज करून ठेवा. शेडवर पोचल्यावर विंडोजची 'सर्टयूटिल' ही आज्ञा हॅशफाइल पर्यायासह चालवून तो जुळवा. खारी हवा खाल्लेल्या पेनड्राइव्हवर माझा विश्वास नाही, दोन नेतो. स्प्रिंग बूट प्लगइनचं बिल्ड-इन्फो हे गोल चालू ठेवा आणि सुरू होताना आवृत्ती लॉगच्या पहिल्या ओळींत छापा. फोनवर "पहिली ओळ वाचा हो" म्हटलं की तिकडे काय चाललं आहे ते कळतं.

जूनमध्ये पाऊस लागला की शेड बंद होतं. सर्व्हिस थांबवा, कॉन्फिग, डेटा आणि लॉग उचलून घरी न्या, मशीन दमट हवेतून काढून कोरड्या खोलीत ठेवा. पॉममधल्या बॉमची आणि जेआरईची आवृत्ती फेब्रुवारीत, मोहर धरलेला असताना वाढवायची, पुन्हा बांधायचं, आणि पहिली पेटी निघण्याआधी प्लग ओढून पाहायचा.